आठ आणे हिस्सा

श्रीकृष्ण गेला तेव्हा रत्नप्रभेच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक यवतमाळचं घर, ज्याच्या मागच्या भिंतींना अजून गिलावा व्हायचा होता. आणि दुसरी, राजूरच्या चुनाभट्टीतला आठ आणे हिस्सा. घर सगळ्यांना दिसत होतं. हिस्सा म्हणजे नक्की काय, ते मात्र तिच्या माहेरच्यांपैकी कुणी कधी नीट विचारलं नव्हतं. तिला ते पक्कं माहीत होतं, कारण नवऱ्याच्या आजारपणात भट्टीचा हिशोब तीच लिहीत होती.

भट्टी छप्पन सालच्या दिवाळीनंतर सुरू झाली. श्रीकृष्ण तेव्हा राजूरला कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकून होता आणि देवराव जवळच्याच एका ठेकेदाराच्या चुनाभट्टीवर मुकादम. चुनखडीचा दगड तिथलाच, कोळसा तिथलाच, आणि माल भरायला रेल्वेही दारातच. दुसऱ्यासाठी राबण्यापेक्षा आपणच भट्टी का लावू नये, हे बोलणं दोघांत वर्षभर चाललं होतं. त्याच ऑक्टोबरात देवराव नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आला. श्रीकृष्णाच्या चुलत्यांनी निरोप पाठवला, की आता तरी या माणसाबरोबर धंदा करू नकोस, लोक काय म्हणतील. श्रीकृष्णाने निरोप वाचला, खिशात घातला आणि देवरावला सायकलवर डबलसीट घेऊन वणीला गेला. तिथे दोघांनी भागीदारीच्या कागदावर सह्या केल्या. नफा-तोटा आठ-आठ आणे.

धंदा चालला. दर दिवाळीला हिशोब व्हायचा तेव्हा दोघांची खाती हलायची. वर्षाचा नफा अर्धा-अर्धा दोघांच्या नावावर चढायचा आणि ज्याने जेवढे उचलले तेवढे त्याच्या नावावरून उतरायचे. बँकेचं कर्ज काढलं तर तेही दोघांच्या डोक्यावर सारखंच. त्यामुळे कुठल्याही दिवशी देवरावचं भट्टीत किती अडकलंय आणि श्रीकृष्णाचं किती, हे खातं बघून सांगता यायचं. नफ्यातला हिस्सा सारखा, पण खाती सारखी नव्हती. श्रीकृष्णाने घर बांधायला पैसे उचलले. मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा आणखी उचलले. देवराव भट्टीशेजारी दोन खोल्यांत राहायचा, घरखर्चापुरतं घ्यायचा, बाकी तिथेच राहू द्यायचा. त्याच्या बायकोने, सत्यभामेने, एकदा रत्नप्रभेसमोरच त्याला टोकलं होतं, "सारं भट्टीतच जाळता काय?" देवराव हसून म्हणाला होता, "जाळून नाही राह्यलो, ठेवून राह्यलो. आपल्याच नावावर हाय ते."

श्रीकृष्ण गेला त्या वर्षी देवरावच्या खात्यावर चौदा हजार होते आणि श्रीकृष्णाच्या खात्यावर चार.

रत्नप्रभेचा थोरला भाऊ कमलाकर यवतमाळात वकिली करायचा, बरीचशी इन्कमटॅक्सची. बहीण विधवा झाली तशी त्याने तिच्या सगळ्या गोष्टी हातात घेतल्या. कोणी सांगितल्याशिवाय घ्यायचा आणि नीटही करायचा. बासष्टच्या सुरुवातीला एका रविवारी तो आला, झोपाळ्यावर बसला आणि म्हणाला, "रत्ना, तुझी ती भागीदारी मोडायची."

ती दचकली. "का? धंदा बरा चाललाय."

"चाललाय तोवर बरा आहे. उद्या बुडाला तर? भागीदारीत बँक कोणाकडे येईल माहीत आहे? तुझ्याकडे. हे घर घेईल. रजनीला कुठे घेऊन जाशील?" त्याने आवाज खाली केला. आत रजनी अभ्यास करत होती. "खाजगी लिमिटेड कंपनी करू. कंपनी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेगळा माणूस. तिचं कर्ज तिचं. तुझे शेअर असतील, बुडाले तर तेवढेच बुडतील, घराला कोणी हात लावणार नाही."

यात खोटं काही नव्हतं. श्रीकृष्ण गेल्यापासून तिला हीच धास्ती खायची. बँकेचं पाकीट आलं की ती ते दोन-दोन दिवस फोडत नसे.

"शेअर कसे ठरतील?" तिने विचारलं.

"दोघांचे सारखे. नफ्यात आठ आणे आहेत, तर शेअरही आठ आणे. साधी गोष्ट."

"पण दादा, खाती सारखी नाहीत. देवरावभाऊंचे चौदा आहेत, आपले चार. सारखे शेअर केले तर त्यांचे पाच हजार आपल्याकडे येतात. शेअर खात्यांप्रमाणे द्या, नाहीतर त्यांचं जास्तीचं कंपनीने त्यांच्याकडून उसनं घेतलं असं लिहा."

कमलाकर थोडा वेळ झोपाळा हलवत राहिला. "आणि मग तू काय होशील? अठरातले चार. मीटिंगमध्ये तुझा शब्द कोण ऐकेल? तो म्हणेल तसं. श्रीकृष्णानं आयुष्य घातलं त्या भट्टीत. पहिलं गिऱ्हाईक त्यानं आणलं, रेल्वेचं काम त्यानं मिळवलं. त्याची किंमत खात्यात आहे का कुठे?"

आतून रजनीचा मोठ्याने पाठ करण्याचा आवाज येत होता. मुलगी हुशार होती, तिला नागपूरला डॉक्टरकीला जायचं होतं आणि त्याला किती लागतील हे रत्नप्रभेने मनातल्या मनात कितीदा तरी मांडलं होतं.

कागद तयार झाले. कमलाकरच्या कचेरीत देवराव आला, धुतलेलं धोतर, कोट, आणि बरोबर सत्यभामा. ती भिंतीजवळच्या बाकावर बसली. कमलाकरने सगळं वाचून दाखवलं. कंपनी भट्टी विकत घेईल, बदल्यात दोघांना सारखे शेअर मिळतील, दोघेही संचालक, कारभार देवराव बघेल. देवरावने शांतपणे ऐकलं. मग त्याने वकिलाला नाही, रत्नप्रभेला विचारलं.

"वैनी, माह्या खात्यातलं जास्तीचं कुठी जाईन मंग?"

कमलाकर मध्येच बोलला. "जाईल कुठे? कंपनीतच राहील की."

देवरावने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हो ना वैनी?"

शब्द खरे होते. पैसे कंपनीतच राहणार होते. फक्त ते त्याच्या नावावर राहणार नव्हते. शेअरवर जी रक्कम एकदा छापली तीच कायम राहते. वर्षानुवर्षं नफा सोडून दिला तरी तो तिथे चढत नाही; तो कंपनीच्या पोटात जातो आणि मग जो-तो आपल्या शेअराएवढाच त्याचा धनी. हे सगळं तिला येत होतं. सांगायला चार वाक्यं लागली असती.

"कंपनीतच राहील, देवरावभाऊ," ती म्हणाली.

देवरावने सही केली. मोठी, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. सत्यभामा बाकावरून रत्नप्रभेकडे बघत होती. तिने नजर वळवली नाही, तेव्हा रत्नप्रभेनेच वळवली.

महिन्याभरात बँकेचा माणूस आला. कंपनीला दुसरी भट्टी बांधायची होती, त्यासाठी कर्ज वाढवून सोळा हजार हवं होतं. बँकेने सांगितलं, कंपनी नवी आहे, नुसत्या कंपनीच्या नावावर देता येणार नाही, कोणी तरी जातीने जामीन राहायला पाहिजे. कमलाकर म्हणाला, कारभार देवराव बघतात, तेच राहतील. रत्नप्रभेला कोणी विचारलं नाही. देवरावने घरखर्चातून वाचवून राजूरच्या स्टेशनरोडला नुकतंच दोन खणांचं पक्कं घर बांधलं होतं, ते त्याने लिहून दिलं. रत्नप्रभेच्या लक्षात आलं, की लिमिटेड कंपनी झाली खरी, पण ती लिमिटेड तिच्यासाठी झाली होती. देवरावच्या डोक्यावर पूर्वी कर्जाचा निम्मा भार होता, आता सगळा होता. आणि जामीन राहिला म्हणून त्याच्या नावावर कंपनीत एक पैसाही जास्तीचा चढला नव्हता.

तिने हे कमलाकरला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "दोन वर्षांत कर्ज फिटेल. कशाला जिवाला लावून घेतेस?"

कदाचित फिटलंही असतं. पण त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास चीनशी लढाई लागली आणि रेल्वेचे डबे मिळेनासे झाले. सगळे डबे सरकारी मालाला. राजूरच्या भट्ट्या तर पेटलेल्या. पेटलेली भट्टी काही मनात येईल तेव्हा विझवता येत नाही. दोन भट्ट्यांतून कळीचा चुना निघत राहिला आणि टिनाच्या कोठारात पोत्यांवर पोती चढत गेली. देवराव रोज स्टेशनमास्तरकडे जायचा आणि हात हलवत परत यायचा. कळीच्या चुन्याला पाणी लागू देता येत नाही. थेंबही नाही. त्याने ताडपत्र्या आणल्या, छपराची भोकं डांबराने बुजवली.

जानेवारीत अवकाळी पाऊस आला. नुसता पाऊस नाही, सोबत वावटळ. कोठाराचे दोन पत्रे उडाले. पाणी पोत्यांत शिरलं आणि चुना आतल्या आत तापायला लागला, फुगला, पोती फुटली, पोत्यांच्या तागाने पेट घेतला. पावसात कोठार जळत होतं. बघ्यांना वाटलं, आग आहे म्हणजे पाणी टाकायचं. देवराव ओरडत होता, "पानी नोको! मुरूम टाका, मुरूम!" तोवर कोणी तरी खाणीच्या डबक्यातून भरून आणलेला डबा पुढच्या ढिगावर ओतला होता. ढीग उसळला. देवराव सगळ्यांत पुढे होता.

विमा भट्ट्यांचा होता, कोठारातल्या मालाचा नव्हता. नागपूरच्या दवाखान्यातून देवराव दीड महिन्याने परत आला, तेव्हा त्याचा उजवा डोळा कायमचा गेला होता आणि डाव्यावर पट्टी होती. डॉक्टर म्हणाले होते, डावा वाचेल, पण थांबावं लागेल.

रत्नप्रभा दवाखान्यात दोनदा जाऊन आली. मोसंबी नेली, बाजूला बसली. पैशाचं बोलणं निघालं नाही. देवरावनेच ते टाळलं असं तिला वाटलं आणि तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

मार्चमध्ये बँकेने कंपनीला नोटीस दिली. कमलाकर ती घेऊन आला, पण या वेळी झोपाळ्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला. "कंपनी गुंडाळावी लागणार. शेअर गेले समज. पण बघ, मी म्हणत होतो ना? तुझ्या घराला धक्का नाही."

"आणि देवरावभाऊंच्या?"

"तो जामीनदार आहे," कमलाकर म्हणाला. "बँक त्याच्याकडे जाईल. वाईट आहे, मलाही वाटतं. पण आपण काय करणार?"

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, सत्यभामा आली. एसटीने वणीहून एकटीच आली होती. चेहऱ्यावर धूळ, पायांत टायरच्या चपला. रत्नप्रभेने तिला आत बोलावलं, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवायला निघाली.

"चहा नोको," सत्यभामा म्हणाली. "बसा तुमी. मले बोलाचं हाय."

रत्नप्रभा बसली. सत्यभामा खुर्चीवर बसली, अगदी टोकाला, दोन्ही हात मांडीवर.

"मी पैसे मांगाले नाही आली, ते पयले सांगतो," ती म्हणाली. त्या भागात बायाही स्वतःबद्दल ‘सांगतो’, ‘जातो’ असंच म्हणायच्या. "त्या बँकेचा मानूस घर पाहून गेला. भिंती मोजल्या त्यानं. मी यायले म्हतलं, आता काय कराचं. तं हे काय म्हनते मालूम हाय? म्हनते, भेव नोको, माहे जास्तीचे पैसे कंपनीत हायेत, वैनीनं सोता सांगतलं. डोया बरा झाला का यवतमायले जातो, ते काढतो आन बँकेच्या तोंडावर मारतो. रोज हेच. पट्टी बांधून बसले आन हेच."

रत्नप्रभेने पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मी चार बुकं नाही शिकली," सत्यभामा पुढे म्हणाली, "पर त्या दिवशी तुमचं तोंड पाह्यलं होतं मी. मले तवाच समजलं, काही तरी हाय म्हून. यायले सांगतलं तं माह्यावरच चिडले. वैनी असं करनार नाही म्हने. आता माहं ते आयकत नाही. म्हून आली. तुमीच चाला आन तुमीच सांगा त्यायले. खोट्या आशेवर नोका ठेवू मानसाले. घर जाते तं जाऊ द्या, पर त्यायले मालूम तं पाह्यजे, कायच्यानं गेलं ते."

रत्नप्रभा उठली. साडी बदलायलाही गेली नाही. शेजारच्या बेबीताईंकडे किल्ली दिली, रजनी कॉलेजातून येईल तेव्हा द्या म्हणाली, आणि सत्यभामेबरोबर एसटी स्टँडवर गेली. वणीपर्यंतच्या सगळ्या वाटेत दोघी शेजारी बसल्या होत्या. वाटेत शेतांत कापसाच्या पराट्या उपटून ठेवल्या होत्या. रत्नप्रभा पहिलं वाक्य जुळवत होती. दरवेळी ते कमलाकरच्या नावाने सुरू व्हायचं आणि ती ते मोडून टाकायची.

राजूरला देवराव ओसरीत खाटेवर बसला होता. पावलांवरून त्याने ओळखलं. "वैनी? तुमी कायले आल्या एवढ्या उन्हात? मी येनारच होतो."

"देवरावभाऊ, मला सांगायचंय काही."

"सांगा."

ती खाटेसमोर जमिनीवर बसली. "तुमचं जास्तीचं कंपनीत नाही. म्हणजे होतं, पण तुमच्या नावावर नव्हतं. सह्या केल्या त्या दिवशीच ते अर्धं-अर्धं झालं. तुमचे पाच हजार माझ्याकडे आले. आणि आता कंपनीतच काही उरलं नाही, म्हणून कोणाचंच काही नाही. काढण्यासारखं काही नाही."

देवरावने मान थोडी तिरपी केली. दिसत नसलं की माणूस कान पुढे करतो, तसं.

"तुमाले त्या दिवशी मालूम होतं?"

"होतं."

"वकीलसायबानं बोलू नाही देल्लं?"

सुटका समोर होती. त्यानेच ती पुढे केली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही मलाच विचारलं होतं. मी सांगू शकत होते. नाही सांगितलं."

सत्यभामा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. लांब खाणीचा भोंगा झाला.

"सिरिकिष्णभाऊनं उचलले तवा मी कधी विचारलं नाही," देवराव शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दवाखाना होता. उचलाचेच होते. तुमी मांगले असते तं पाच हजार बी म्या देल्ले असते, बाई. लिहून देल्ले असते."

आजवर तो तिला वैनी म्हणायचा. तिला ते ‘बाई’ लागलं, पण तिने काही दाखवलं नाही. दाखवून उपयोगही नव्हता; त्याच्या डोळ्यावर पट्टी होती.

यवतमाळला परत आल्यावर तिने कमलाकरला बोलावून घेतलं आणि घर विकायचं ठरवलंय असं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही.

"कायद्यानं तुझ्यावर एक छदाम नाही."

"माहीत आहे मला. पण भागीदारी असती तर निम्मं कर्ज माझं असतं. मी निम्मंच देणार आहे. आठ हजार."

"भागीदारी मोडली, रत्ना. मी स्वतः मोडली. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठीच मोडली, दादा. म्हणून तर."

कमलाकर लालबुंद झाला. माझ्या हयातीत हे होणार नाही म्हणाला, श्रीकृष्णाचं घर आहे म्हणाला, रजनीचं काय म्हणाला. शेवटचा प्रश्न तिला चिकटून राहिला. अकरा हजारांना घर गेलं. एका वखारवाल्याने घेतलं. आठ बँकेत गेले, उरलेल्यांत डॉक्टरकी बसत नव्हती. कमलाकरने त्यानंतर दोन वर्षं तिच्या दारात पाऊल टाकलं नाही.

रजनीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, वकिलासारखे प्रश्न विचारले आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या एका वाक्याची किंमत मी द्यायची."

"हो," रत्नप्रभा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

रजनीने बी.एस्सी. केलं, मग बी.टी. करून शाळेत लागली. आईशी ती कधी उर्मट वागली नाही. पण देवरावकाकांचं नाव निघालं की उठून दुसऱ्या कामाला लागायची, आणि डॉक्टर झालेल्या मैत्रिणींच्या लग्नाला जात नसे.

आठ हजार देताना राजूरला एक गोष्ट झाली. रत्नप्रभेला ते तसेच देऊन टाकायचे होते. देवरावने अडवलं. तोवर त्याच्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाली होती. कागद नाकाजवळ धरून त्याला थोडं वाचता यायचं.

"लिहा," तो म्हणाला. "कंपनीले तुमच्याकडून उसने आले, असं तुमच्या नावावर लिहा. आन माहे शेअर खात्यापरमाने करून द्या. चौदा तं चौदा, चार तं चार. सारं कागदावर पाह्यजे. तोंडचं काही नोको मले आता."

तिने तसं केलं. वणीच्या दुसऱ्या वकिलाकडून आपले पाच हजारांचे शेअर त्याच्या नावावर करून दिले. त्या दिवशी त्या शेअरांची किंमत कागदाएवढीही नव्हती. बाकीच्या कर्जासाठी देवरावने माल वाहायच्या दमण्या, त्यांचे बैल आणि दुसऱ्या भट्टीचा दगड विकला आणि उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले. स्टेशनरोडचं घर वाचलं. कंपनी गुंडाळली नाही. एक भट्टी पुन्हा पेटली. सत्यभामा आता रोज तिथे उभी राहायची. भरतीवर तिची नजर असायची, कारण नवऱ्याला कोळशाचा आणि दगडाचा थर वेगळा दिसत नव्हता.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात रत्नप्रभा वार्षिक सभेला राजूरला गेली. सभा म्हणजे तिघंच, आणि सत्यभामा काही शेअरवाली नव्हती. वणीच्या बाजूला सरकारी इमारतींची कामं निघाली होती, चुन्याला मागणी होती. कोठार पक्कं बांधायचं, त्यासाठी बँक पुन्हा कर्ज द्यायला तयार होती. जामिनाचा कागद टेबलावर होता. त्यावर देवरावचं एकट्याचं नाव टाइप केलेलं होतं.

रत्नप्रभेने तो आपल्याकडे ओढला. "यावर माझंही नाव पाहिजे."

"राहू द्या, बाई," देवराव म्हणाला. "तुमच्याकडे काय हाय आता लिहून द्याले?"

"पगार आहे रजनीचा. आणि माझी शिवणाची मशीन आहे. बँकेला मी सांगेन काय आहे ते. पुरेल तेवढं पुरेल."

"पोरीचा पगार नोको. राहू द्या म्हतलं ना. माही एकट्याची सही चालते."

"करू द्या त्यायले," सत्यभामा दारातून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते, ती तशीच आत आली. "पोरीचं नाव नोका टाकू, पर बाईची सही होऊ द्या. निम्मं यायचं हाय तं निम्मी सही बी यायचीच."

देवरावने दौत पुढे सरकवली. रत्नप्रभेने आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव पूर्ण लिहिलं. खाली मशीन आणि कानातल्या कुड्या, असं काय-काय आहे ते लिहिलं, आणि रजनीबद्दल काही लिहिलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर ती जेवायला बसली. भाड्याच्या दोन खोल्या, रजनी वाढत होती. आज काय झालं ते तिने सांगितलं. रजनीचा हात वरणाच्या पळीवर थांबला.

"पुन्हा सही केलीस?"

"केली."

"वाचून?"

"प्रत्येक ओळ वाचून. आणि त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवली."

रजनीने वरण वाढलं. मग पाटावर बसता बसता विचारलं, "देवरावकाकांना आता दिसतं का थोडं?"

"डाव्यानं दिसतं," रत्नप्रभा म्हणाली. "जवळचं."

रजनीने मान हलवली आणि ती जेवायला लागली.